उत्तरानंतरचं वाक्य

संख्याशास्त्र आणि संभाव्यतेचा कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा कोर्स मी ऑनलाइन करायला घेतला, तेव्हा ज्यांनी तो आधी केला होता त्या सगळ्यांनी एकच बजावलं होतं: गणिताची उजळणी करून बस. उजळणी केली. पण गणित फारसं आडवं आलं नाही. बेरीज, भागाकार, वर्गमूळ, थोडं बीजगणित. मोठी आकडेमोड कॉम्प्युटर करून देतो. खरा कस लागला तो उत्तर आल्यानंतर. आकडा काढला, चौकटीत टाइप केला, शेजारी हिरवी खूण उमटली, आणि खाली पुढची ओळ आली: ‘याचा अर्थ एका वाक्यात लिहा.’

माझं रोजचं काम दुसऱ्यांनी लिहिलेला मजकूर तपासण्याचं आहे. वाक्यातलं एक अव्यय जागचं हललं की अर्थ कुठल्या कुठे जातो, हे बघण्यात वर्षं गेली आहेत. म्हणूनही असेल, पण या विषयाची गोडी मला लागली ती त्या एका ओळीमुळे. त्या वाक्यांबद्दलच लिहायचं आहे.

सुरुवातीचे आठवडे सरळ असतात. सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते), आलेख कसा काढायचा, कसा वाचायचा. यातलं बरंचसं शाळेत येऊन गेलेलं असतं, त्यामुळे व्हिडिओचा वेग वाढवून पुढे जायचा मोह होतो. एका ठिकाणी मात्र थांबावं. फ्रान्सिस अँस्कम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार छोटे संच तयार केले, प्रत्येकात ११ बिंदू. चारही संचांच्या सरासऱ्या सारख्या, विचलन जवळजवळ सारखं, सहसंबंध (दोन गोष्टी बरोबरीने किती वाढतात-घटतात याचं माप) ०.८१६, आणि त्यांतून काढलेली सरळ रेषाही तीच. आलेख काढला की चार वेगळ्याच गोष्टी दिसतात. पहिल्यात बिंदू रेषेच्या आजूबाजूला साधेपणाने पसरलेले. दुसऱ्यात नितळ वक्र. तिसऱ्यात सगळे एका ओळीत, फक्त एक फटकून वर गेलेला. चौथ्यात दहा बिंदू एका उभ्या रेषेवर आणि अकरावा लांब, एकटा. त्या एकट्यामुळेच तिरकी रेष तयार झालेली. मी व्हिडिओ थांबवून हे चारही आलेख कागदावर हाताने काढले. सहसंबंधाबद्दल पुढे जे जे लिहायची वेळ आली, त्याआधी हे चार आलेख आठवतात.

मग संभाव्यता सुरू होते आणि विषय एकदम खोल जातो.

या शास्त्राचा उगम बहुतेक पुस्तकांत १६५४ सालच्या पत्रव्यवहारापासून सांगतात. ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा हे दोन फ्रेंच गणिती एकमेकांना जुगाराच्या एका प्रश्नाबद्दल लिहीत होते. दोघांनी प्रत्येकी ३२ नाणी लावली आहेत. जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळी ६४. एकाचे दोन डाव झालेत, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडावा लागला. पैसे कसे वाटायचे? दोनास एक अशी वाटणी करावी, असं पटकन वाटतं, कारण घडलंय तेवढंच आपल्याला दिसतं. पास्कल न घडलेल्या डावाकडे बघतो. पुढचा डाव पहिल्याने जिंकला असता तर ६४ त्याचीच. हरला असता तर दोघांचे दोन-दोन डाव, म्हणजे ३२ तरी त्याची. तेव्हा ३२ त्याची नक्की, ती त्याला आधी द्या. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क समान, म्हणून १६ त्याला आणि १६ दुसऱ्याला. वाटणी ४८ आणि १६.

मला हा युक्तिवाद इतका आवडला की तो भाग मी पुन्हा पुन्हा ऐकला. यात सूत्र नाही. एक माणूस वाक्यामागून वाक्य ठेवत जातो, प्रत्येक वाक्य समोरच्याला मान्य व्हावं असं, आणि शेवटी आकडा आपोआप हातात येतो. झालेल्या डावांऐवजी होऊ शकणाऱ्या डावांवरून हक्क ठरवायचा, ही कल्पना आज विम्याच्या प्रत्येक हिशेबात आहे; तेव्हा ती कुणीतरी पहिल्यांदा पत्रात लिहीत होतं.

ऑनलाइन शिकण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे कळला. संभाव्यतेत गोष्ट कळणं आणि ती पटणं यांच्यात बरंच अंतर असतं. वर्गात बसलं की ते अंतर सगळ्यांना एकाच चालीने पार करावं लागतं. फळा पुसला जातो. इथे थांबता येतं. खोलीत २३ माणसं असतील तर त्यांतल्या कुठल्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडी जास्त असते. कारण समजायला अवघड नाही: २३ माणसांच्या जोड्या २५३ होतात, आणि आपण नकळत फक्त स्वतःच्या २२ जोड्या मोजत असतो. समजलं, तरी मन ‘पण असं कसं’ म्हणत राहतं. त्यावर कोर्सने दिलेला उपाय म्हणजे आर ही प्रोग्रामिंगची भाषा. तिच्यात दोन-चार ओळींत २३ यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, वाढदिवस निवडता येतात, जुळणारी जोडी आहे का ते बघता येतं, आणि हेच दहा हजार वेळा करून घेता येतं. पडद्यावर निम्म्याहून थोडा मोठा आकडा येतो. पुन्हा चालवलं, पुन्हा तसाच. तेव्हा कुठे मन गप्प बसलं.

नाणेफेकीचं तर याहून सुंदर आहे. शंभर वेळा नाणं उडवलंय अशी कल्पना करून छापा-काटा लिहून काढा, असं सांगितलं तर माणसं सलग चार सारखे आले की घाईघाईने पाचवा बदलतात. खऱ्या शंभर फेकींत सलग सहा किंवा अधिक सारखे येण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या आसपास असते. मनाने लिहिलेली यादी आणि नाण्याने लिहिलेली यादी शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची हे बहुतेक वेळा या सलग तुकड्यांवरूनच ओळखता येतं. आपल्याला यदृच्छा नीटनेटकी हवी असते, आणि ती तशी नसते. घटनांमध्ये दिसणारे कितीतरी ‘संकेत’ मी या एका सरावानंतर निराळ्या नजरेने बघू लागले.

कोर्सच्या मध्यावर सशर्त संभाव्यता येते, म्हणजे एक गोष्ट घडली आहे हे धरून दुसरीची शक्यता काढणं. माझ्या मते सगळ्या अभ्यासक्रमाचा जीव इथे आहे, आणि तिला मिळतो तो एक आठवडा. निदान तीन मिळायला हवेत. प्रश्न असा होता: एक आजार हजारात एकाला असतो. तपासणी आजारी माणसाला ९९ टक्के वेळा बरोबर ओळखते. निरोगी माणसालाही ५ टक्के वेळा चुकून आजारी ठरवते. सरसकट तपासणीत एखाद्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती?

सूत्र बेझचं. थॉमस बेझ हा इंग्लंडमधला धर्मोपदेशक. १७६१ साली तो गेला आणि त्याचा निबंध त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइसने, १७६३ साली प्रसिद्ध करवला. सूत्रात आकडे भरले की उत्तर येतं, पण कोर्सच्या प्राध्यापिकांनी सूत्र बाजूला ठेवून माणसं मोजायला लावली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एक लाख माणसं घ्या. त्यांत आजारी १००. त्यांपैकी ९९ जणांचा अहवाल पॉझिटिव्ह. उरलेली ९९,९०० माणसं निरोगी. त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४,९९५ जणांचाही अहवाल पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५,०९४, आणि त्यांत खरे आजारी ९९. दोन टक्क्यांहूनही किंचित कमी.

आता वाक्यं बघा. ‘आजार असेल, तर अहवाल पॉझिटिव्ह येण्याची शक्यता ९९ टक्के.’ ‘अहवाल पॉझिटिव्ह असेल, तर आजार असण्याची शक्यता ९९ टक्के.’ शब्द तेच आहेत, फक्त ‘तर’च्या अलीकडचं पलीकडे गेलंय. पहिलं वाक्य खरं आहे. दुसऱ्यात ९९च्या जागी खरा आकडा दोन टक्के, एवढी तफावत. यात तपासणी वाईट ठरत नाही, हेही लिहायला हवं. त्या माणसाची शक्यता हजारात एकवरून पन्नासात एकच्या घरात आली, म्हणजे तपासणीने भरपूर काही सांगितलं. त्याच प्रकारची, पहिलीवर अवलंबून नसलेली दुसरी तपासणीही पॉझिटिव्ह आली तर ती २८ टक्क्यांवर जाते. आणि मुळात लक्षणं घेऊन आलेल्या माणसाचा हिशेब हजारात एकपासून सुरूच होत नाही. हे सगळं कुणीतरी रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायला हवं, आणि ते सांगणाऱ्याला आधी स्वतःला ती दोन वाक्यं वेगळी करता यायला हवीत.

ती वेगळी न करण्याची किंमत किती असू शकते, याचं उदाहरण त्याच आठवड्याच्या वाचनात होतं. १९९९ साली इंग्लंडमध्ये एका आईवर तिच्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. तान्हं बाळ झोपेत अचानक दगावण्याचा प्रकार वैद्यकाला माहीत आहे. साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी सांगितलं की तिच्यासारख्या कुटुंबात असा एक मृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोन होण्याची ७ कोटी ३० लाखांत एक. पहिला आकडा त्याच आकड्याने गुणून दुसरा आला होता, जणू दोन भावंडांच्या प्रकृतीचा आणि घराचा एकमेकांशी काही संबंधच नाही. ही पहिली चूक. दुसरी त्याहून खोल होती. ‘आई निर्दोष असेल, तर असं घडण्याची शक्यता अगदी नगण्य’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात ‘असं घडलंय, तर आई निर्दोष असण्याची शक्यता अगदी नगण्य’ असं होऊन बसतं. एका आईने दोन बाळांचा खून करणं हेही अत्यंत दुर्मीळच. तुलना त्या दोन दुर्मीळ गोष्टींची करायला हवी होती. तिला जन्मठेप झाली. २००१ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर निवेदन काढून त्या आकड्याला संख्याशास्त्रीय आधार नसल्याचं सांगितलं. २००३ साली तिची शिक्षा रद्द झाली. त्यात खटल्याच्या वेळी समोर न आलेल्या वैद्यकीय चाचण्यांचाही मोठा भाग होता. तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगात होती. २००७ साली ती गेली.

हे वाचून झाल्यावर त्या दिवशी पुढचा व्हिडिओ मी लावला नाही.

नमुना निवडण्याचा भाग त्यामानाने लवकर उरकतो, कारण तिथलं तत्त्व सरळ आहे: किती जणांना विचारलं यापेक्षा कसे निवडले हे आधी बघा. १९३६च्या अमेरिकी निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या नियतकालिकाने जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांवरून आल्फ लँडन जिंकणार असं छापलं गेलं. फ्रँकलिन रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते आले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांसारख्या ठिकाणांहून, आणि उत्तर पाठवायची तसदी घेणारेही निराळेच लोक होते. जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी छोट्या नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला होता.

पण नीट निवडलेल्या नमुन्यावरून काय म्हणता येतं? इथे ते वाक्य येतं ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. समजा, हजार जणांना विचारलं आणि ५२ टक्के ‘हो’ म्हणाले. हिशेब सांगतो, ९५ टक्के विश्वासाचं अंतराल, म्हणजे नमुन्यावरून काढलेला आकड्यांचा पट्टा, सुमारे ४९ ते ५५. प्राध्यापिकांनी पडद्यावर वाक्य लिहिलं: ‘खरं प्रमाण ४९ ते ५५च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.’ मग त्यावर आडवी रेघ मारली. काही क्षण त्या काहीच बोलल्या नाहीत. मी व्हिडिओ तिथेच थांबवला आणि त्या रेघेखालच्या वाक्यात काय बिघडलंय ते शोधत बसले. वाचायला ते निर्दोष वाटतं. वर्तमानपत्रात असं वाक्य आलं तर मी तपासून पुढे पाठवलं असतं.

अडचण अशी की खरं प्रमाण, म्हणजे सगळ्यांना विचारलं असतं तर आलं असतं ते, हा एक ठरलेला आकडा आहे. तो आपल्याला माहीत नाही, पण तो हलत नाही. तो त्या अंतरालात एक तर आहे, किंवा नाही. हलतं ते अंतराल, कारण दुसरे हजार जण निवडले असते तर ते दुसरीकडे पडलं असतं. येझी नेमन यांनी १९३७ साली ही पद्धत मांडली तेव्हा ९५ टक्के हा आकडा पद्धतीबद्दल होता: हीच कृती पुन्हा पुन्हा केली तर तयार होणाऱ्या अंतरालांपैकी ९५ टक्के अंतरालं खऱ्या आकड्याला कवेत घेतील. कोर्सच्या पानावर एक छोटं यंत्र दिलं होतं. खरा आकडा एका उभ्या रेषेने दाखवलेला; बटण दाबलं की आडव्या शंभर रेघा एकामागून एक पडतात. बहुतेक त्या उभ्या रेषेला ओलांडून जातात. पाच-सहा चुकतात, त्या लाल होतात. पुन्हा दाबलं की दुसऱ्याच रेघा लाल. मी ते बटण खूप वेळ दाबत बसले. आपल्या हातात प्रत्यक्षात यांतली एकच रेघ येते, आणि ती लाल आहे की नाही हे तिच्याकडे बघून कळायची सोय नाही. ९५ टक्के भरवसा आहे तो रेघ टाकणाऱ्या कृतीवर.

पी-व्हॅल्यूचंही असंच. नुसत्या योगायोगाने इतका किंवा याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता, ती पी-व्हॅल्यू. रोनाल्ड फिशर यांनी १९३५ साली दिलेलं उदाहरण आजही प्रत्येक कोर्समध्ये भेटतं. एक बाई म्हणतात, कपात दूध आधी ओतलं की चहा, हे मला चवीवरून कळतं. आठ कप, चार असे आणि चार तसे, क्रम यादृच्छिक. नुसत्या अंदाजाने चार कप निवडायचे तर निवडीचे प्रकार ७०, म्हणून सगळे बरोबर येण्याची शक्यता ७०त एक, म्हणजे सुमारे १.४ टक्के. त्यांनी आठही ओळखले तर आपण काय लिहायचं? ‘त्यांना काही कळत नसतं, तरी इतका चांगला निकाल येण्याची शक्यता १.४ टक्के होती.’ इथवरच. ‘त्यांना काही कळत नसण्याची शक्यता १.४ टक्के आहे’ असं लिहिलं की पुन्हा तीच उलटापालट, जी त्या खटल्यात झाली. २०१६ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला खास निवेदन काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यू म्हणजे परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे. रोज हा आकडा वापरणाऱ्या संशोधकांना हे सांगावं लागतं, यावरून वाक्य किती निसरडं आहे ते समजावं.

आणि इथेच ऑनलाइन कोर्सची मर्यादा जाणवते. यंत्र आकडा तपासतं, चार पर्यायांतला एक निवडला तर तोही तपासतं. मी लिहिलेलं वाक्य मात्र कुणी वाचत नाही. चौकटीत काहीही लिहिलं तरी ‘नमुना उत्तर पाहा’ एवढंच येतं. त्यामुळे एखादा विद्यार्थी प्रत्येक हिरवी खूण मिळवून, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडू शकतो, आणि ‘तर’च्या दोन्ही बाजू त्याच्या मनात कायम अदलाबदल झालेल्या राहू शकतात. हे मला गंभीर वाटतं. अशा कोर्समध्ये आठवड्याला एक वाक्य तरी माणसाने वाचून परत पाठवावं. एवढी सोय झाली तर बाकी व्हिडिओ निम्मे केले तरी चालतील. तोवर मी एक वही केली. डाव्या पानावर आकडा, उजव्या पानावर वाक्य. वाक्य मोठ्याने वाचायचं, ज्याला विषय माहीत नाही अशा कुणाला तरी ऐकवायचं, आणि ‘म्हणजे काय समजलं?’ असं विचारायचं. ऐकणारा बहुधा उलटंच वाक्य परत सांगतो. मग पुन्हा लिहायचं. ‘पुन्हा पुन्हा केलं तर’, ‘असं गृहीत धरलं तर’, ‘या पद्धतीने’ हे शब्दसमूह आधी मला भरताड वाटायचे, कामाच्या सवयीने ते कापावेसे वाटायचे. आता ते त्या वाक्यांचा कणा आहेत हे दिसतं.

परीक्षा झाली, तो कोर्स संपला. पुढचा घेतलाय तो बेझच्या पद्धतीने अनुमान काढण्याचा. त्याच्या पहिल्याच व्याख्यानात कळलं की तिथे ते खोडलेलं वाक्य, ‘खरं प्रमाण या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता ९५ टक्के आहे’, जसंच्या तसं लिहायला मुभा आहे. अट एवढीच, की माणसं मोजायला निघण्याआधी त्या प्रमाणाबद्दल आपला काय अंदाज होता, तो किती पक्का होता आणि कशावरून, हे आधी कागदावर मांडायचं, म्हणजे वाचणाऱ्याला तो न पटल्यास बदलून हिशेब पुन्हा करता येईल. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ तोच आहे. अजून आकडे दिलेले नाहीत. फक्त आधीचा अंदाज आणि त्यामागची कारणं लिहायची आहेत.